भात काय काय खातो

जावयाला पहिल्यांदा पान वाढलं की सासरा काय म्हणतो? "सावकाश जेवा" म्हणतो, फार तर "लाजू नका" म्हणतो. माझे सासरे माझ्या पानाकडे रोखून बघत म्हणाले, "जेवा जावईबापू. एक अख्खा ऐन बसलाय तुमच्या पानात."

मी घास हातातच धरून बसलो. मी भोरात सायकली दुरुस्त करणारा माणूस. मला 'ऐन' ठाऊक तो फक्त 'ऐन वेळी' मधला. पानात बघितलं. भात होता, वरण होतं, तूप होतं. ऐन कुठं दिसेना.

हा माझा पहिला दिवाळसण. सासुरवाडी पासलीला. त्या काळी एस.टी. वेल्ह्यात उतरवून द्यायची, पुढे आपले पाय आणि डोंगर. एवढं चालून गेल्यावर आंबेमोहोराचा वास आला की माणूस काय करणार? त्यातून मी मूळचाच भाताचा माणूस. लाजत लाजत पुन्हा भात मागितला, तर आबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "घ्या की. आता किंजळबी बसला."

आत सासूबाईंनी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. "लक्ष दिऊ नगा हो! त्यास्नी खूळ हाय."

खूळ असेल, पण मला वाटलं, हा माणूस आपलं जेवण मोजतोय. मी ताकावर उठलो. तर आबाच कासावीस झाले. "का हो? भात ग्वाड न्हाई लागला? आजून घ्या की!" म्हणजे खायचं की नाही खायचं? मी पार गोंधळलो, आणि तो गोंधळ पुढे बरीच वर्षं मिटला नाही.

परतीच्या वाटेवर शालनने, म्हणजे बायकोने, मला ऐन दाखवला. ते झाड आहे हे तिनं सांगितलं म्हणून कळलं. सगळ्या फांद्या छाटलेला, शेंड्याला चार पानांचा तुरा ठेवलेला खांबच तो. आजूबाजूला तसलेच खांब, त्यातलाच एक किंजळ. "भाताचं रोप टाकायच्या आधी तिथं राब भाजतात," ती म्हणाली. "फांद्या पसरायच्या, वर शेण, पालापाचोळा, माती, आणि पेटवून द्यायचं. मग रोप कसं काळंभोर येतं."

"आबांना ते पटत नसणार. म्हणजे ते राब करत नसतील."

"करतात की! फांद्या तोडायला सगळ्यांत उंच तेच चढतात."

आबांचं हे खूळ घरापुरतं नव्हतं. मार्गासनीला एका लग्नात जिलबीच्या कढईपाशी जाऊन त्यांनी आचाऱ्याला विचारलं, "किती लाकूड जळलं हिच्यापायी?" आचाऱ्याला वाटलं, मुलाकडचे हिशेबाला आले. तो म्हणाला, "लाकूड नवरीच्या बापानं दिलंय, त्यास्नी इचारा." आबा खरंच नवरीच्या बापाकडे गेले. तो बिचारा आधीच घामाघूम. शेवटी सासूबाईंनी त्यांना हाताला धरून पंगतीत बसवलं. तिथं त्यांनी जिलब्या चांगल्या हादडल्या, आणि प्रत्येकीकडे खाण्याआधी वाईट वाटून बघितलं.

फक्त चहाला सगळं माफ होतं. आमच्याकडे भोरला आले की तीन-तीन कप घ्यायचे, तेही साखर घालून.

"आबा, चहापायी काय जळतं?" मी एकदा विचारलं.

"त्यो लांबनं येतो. तिकडं काय तुटलं, काय जळलं, म्या बघितल्यालं न्हाई. न बघितल्यालं अंगाला लागत न्हाई."

हा नियम मला सोयीचा वाटला. पण मग मी भोरात बसून भात खातो, तो मला का लागावा? हे विचारल्यावर आबांनी कप खाली ठेवला, खूप वेळ विचार केला, आणि चौथा कप मागितला.

मधे त्यांनी भात सोडून नाचणी धरली. पण नाचणीसाठी डोंगराचा उतार भाजावा लागतो. पावसात त्या उतारावरची माती वाहून ओढा लाल झाला, तो बघून महाराज पुन्हा भातावर आले. मग वेल्ह्याला शेतकी खात्याचे एक साहेब नव्या खताची माहिती द्यायला आले. भले गृहस्थ होते. म्हणाले, "हे घाला, फांद्या तोडायला नकोत." आबांनी चिमूटभर खत हातावर घेऊन हुंगलं.

"हे कसं करत्यात?"

"कारखान्यात होतं."

"मंग कारखाना काय जाळतो?"

साहेब प्रामाणिक होते. डोकं खाजवून म्हणाले, "कोळसा जाळत असतील. तेल असेल. मला नीट सांगता यायचं नाही."

"म्हंजी कुणीतरी, कुठंतरी, कायतरी जाळायचंच," आबा म्हणाले. पोतं मात्र खांद्यावर टाकून घरी आणलं. अर्ध्या वाफ्यात खत घातलं, अर्ध्यात राब केला, आणि दोन्हीकडे बघून सारखेच हळहळले.

मी शेवटी वैतागून विचारलं, "आबा, मग माणसानं खायचं तरी काय?"

"त्येच तर," ते म्हणाले. यापलीकडे आबांचं तत्त्वज्ञान कधी गेलं नाही.

आमची मुलगी नुकती पालथी पडायला लागली होती, त्या वर्षीची गोष्ट. सासूबाईंनी एस.टी.च्या कंडक्टरकडे तोंडी निरोप धाडला, "जावयांना लावून द्या. म्हाताऱ्यानं आवंदा राबाचं वाटुळं केलंय." आम्ही तिघंही गेलो. वैशाख होता. सासूबाई दारातच सुरू झाल्या. वाफ्याच्या बांधावरचा ऐन सगळ्यांत मोठा, त्याच्यावरच निम्मा राब व्हायचा, आणि नेमकी त्यालाच हात लावायचा नाही म्हणून आबा अडून बसले होते. "राब न्हाई तर रोप न्हाई. मंग वरीसभर काय माती खायची? अजून मिरगाला येळ हाय. आत्ता तोडल्या तर वाळत्याल. तुमचं ऐकत्यात त्ये." असं म्हणून त्यांनी माझ्या हातात कोयता दिला.

मी सायकलवाला. कोयता कसा धरतात तेही मला ठाऊक नव्हतं.

ऐनाला नवी पालवी फुटली होती. खाली दाट सावलीत आबा बसले होते. शेजारी दोरी आणि जुनं लुगडं.

"म्हातारीनं धाडलं व्हय?"

"हो. कोयतापण दिलाय."

"ठिवा खाली. पाय कापून घ्याल." मग म्हणाले, "पोर आणलीया?"

"आणलीय. घरात आहे."

"घरात उकडतं." त्यांनी लुगड्याची घडी मोडली. "शालीच्या आदी एक हुती. थोरली. शालीला म्हाईत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"राबाच्या दिसांत हितंच झोळी बांदायचो तिची. मंग एका साली फांद्या कमी पडल्या. बाकीची झाडं लांब, ह्ये हाताशी. खालपास्नं वरपतूर बोडून काढलं म्या, सावलीला पान ठिवलं न्हाई. असाच वैशाख. आमी दोगं ढेकळं फोडत हुतो. पोर बांधावर, घोंगडीच्या आडोशाला. रडंना, तवा वाटलं, निजलीया."

नको तेच माझ्या तोंडातून गेलं. "त्या वर्षी भात कसा झाला?"

"लई चांगला झाला," आबा म्हणाले.

यंदा तसा होणार नव्हता. पुढे रोपं पिवळीच आली, भात निम्म्यावर आला, आणि आम्ही भोरहून ज्वारी पोचवली. पण ते नंतरचं.

कोयत्याचा आवाज येईना म्हणून सासूबाई वर चढून आल्या. कडेवर आमची मुलगी किरकिरत होती. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांना आबा दिसले. ते उठून फांदीला झोळी बांधत होते, आणि गाठ काही जमत नव्हती.

सासूबाईंनी मुलीला माझ्याकडे दिलं, आबांना बाजूला सारून गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि सगळा भार टाकून ओढून बघितली. मुलीला झोळीत निजवलं आणि आमच्याकडे पाठ करून बांधावर जाऊन बसल्या.

आबांनी दोरी ओढली.

"हळू," त्या मागं न बघता म्हणाल्या. "तिला जोराचा झोका सोसत न्हाई."

आमची मुलगी तर त्याआधी कधी झोळीत निजलीच नव्हती.