मेजरसाहेबांनी केलेली तपासणीची तयारी

पत्र सकाळी नऊला आलं. मॅनेजरने ते आधी उभ्याने वाचलं, मग खुर्चीवर बसून वाचलं, आणि मग दार लावून घेऊन पुन्हा वाचलं. मजकूर तिन्ही वेळा तोच होता. ‘उद्या सकाळी दहा वाजता आपल्या शुश्रूषागृहाची गुणवत्ता व सुरक्षा तपासणी करण्यात येईल.’

मॅनेजर मुळातच भित्रा. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात, हा गार पाणीसुद्धा फुंकून पिई. निवृत्त सैनिकांच्या शुश्रूषागृहाचा कारभार अशा माणसाच्या हाती कसा आला, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. पाच वर्षं तो एकतीस म्हाताऱ्या सैनिकांमध्ये वावरत होता आणि रोज कशाला ना कशाला घाबरत होता. पण आजची भीती खरी होती. मागच्या दोन तपासण्यांमध्ये दोन वाईट शेरे पडले होते. तिसरा पडला की परवाना रद्द. मग एकतीस जणांना चार गावांत जिथे खाट रिकामी असेल तिथे पाठवायचं. बारा-बारा वर्षं एकमेकांच्या शेजारी झोपणारी माणसं ती.

आणि त्यात त्याच्या मनाला एक गोष्ट खात होती. आठवड्यापूर्वी तोफखाना आजोबा न्हाणीघरात घसरून पडले होते. डोक्याला चार टाके. आजोबांनी आयुष्य तोफांशेजारी काढलं, त्यामुळे कानांची कायमची रजा. म्हणून हे नाव. कोणी पडलं की वेगळ्या वहीत लिहायचं असा नियम. मॅनेजरने ती वही उघडली, तिसरा शेरा त्याच्या डोळ्यांपुढे नाचला, आणि ती मिटून त्याने रोजच्या वहीत लिहिलं, ‘डोकेदुखी.’

“डोकं फुटलं की दुखतंच,” थोरल्या सिस्टर म्हणाल्या होत्या. “तेवढं तरी खरं लिहिलंत.”

दार वाजलं. मेजरसाहेब आत आले. वय एक्क्याऐंशी, हातात काठी, पण काठी टेकायची नसून रोखायची असते असा त्यांचा समज.

“तपासणी आहे म्हणे उद्या.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“अख्ख्या इमारतीला ठाऊक आहे. तुम्ही पत्र मोठ्याने वाचत होता.” मेजरसाहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. “घाबरलात?”

“छे!”

“टेबल हलतंय, मॅनेजर.”

मॅनेजरने गुडघे टेबलापासून लांब घेतले.

“हे बघा,” मेजरसाहेब म्हणाले, “तपासणी या विषयात तुम्ही अजून रांगताय. आम्ही छत्तीस वर्षं तपासण्या दिल्यात. तुम्ही फक्त खुर्चीत बसा आणि कशाला हात लावू नका.”

खरं तर इथेच नाही म्हणायला हवं होतं. पण मेजरसाहेबांना नाही म्हणायला लागणारा अवयव मॅनेजरच्या शरीरात नव्हता.

दुपारपर्यंत इमारतीचं रूप पालटलं. ज्यांना उभं राहता येत होतं ते उभ्याने आणि उरलेले चाकाच्या खुर्चीतून कामाला लागले. कोठीतून फरशीला लावायच्या मेणाचा डबा निघाला. लांबलचक मधली वाट त्यांनी घासून-घासून अशी चमकवली की छतावरचे दिवे खालीही लागल्यासारखे दिसू लागले. चादरी इतक्या ताणून बसवल्या की त्यांच्यावर टाकलेलं नाणं उडून परत हातात यावं. मागचं इमर्जन्सीचं दार रंग उडून विटकं झालं होतं, त्याला दोघांनी लालभडक रंगाचे दोन हात दिले. कडांनासुद्धा, फटींनासुद्धा, कडीलासुद्धा. काम म्हणजे काम.

मॅनेजर दाराच्या फटीतून हे सगळं बघत होता. त्याला बरं वाटत होतं आणि बरं वाटतंय म्हणून आणखी भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई दहाऐवजी साडेनऊलाच आल्या. मॅनेजरने रात्रभर डोळ्यांसमोर एक उंच, जाड आवाजाची बाई आणली होती. या निघाल्या बुटक्या, सावळ्या, खांद्याला कापडी पिशवी, आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. मोठ्या आवाजाला निदान ओरडायचं तरी असतं. या बाईंना फक्त लिहायचं होतं.

“लवकर आले. चालेल ना?”

“चालेल, चालेल,” मॅनेजर म्हणाला. “या. फक्त जरा सांभाळून, फरशी...”

पुढचे ‘घसरडी आहे’ हे शब्द त्याने जमिनीवरून सांगितले. बाईंनी त्याला हात दिला आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“लागलं का?”

“अजिबात नाही,” मॅनेजर म्हणाला. कंबरेतून कळ मस्तकात गेली होती.

पहिल्या खोलीत चार खाटा आणि चार खुर्च्या. खाटांवर सुरकुती नाही. खुर्च्यांवर चार म्हातारे बसल्या जागी पेंगत होते.

“हे रात्री झोपले नाहीत का?” बाईंनी विचारलं.

“झोपलो की,” एकजण डोळे न उघडता म्हणाला. “खुर्चीत. चादर मोडली असती ना!”

बाईंची पेन्सिल चालली. तिचा तो बारीक खरखर आवाज मॅनेजरला आपल्या पाठीवर ओरखडे काढल्यासारखा वाटला.

मोठ्या दालनात सगळे एका ओळीत हजर होते. मेजरसाहेबांनी हुकूमच सोडला होता, पाहुण्यांसमोर एकही माणूस गैरहजर दिसता कामा नये. सफाईवाल्या मावशी ओळीत, थोरल्या सिस्टर कपाळाला आठ्या घालून ओळीत, आणि पांढरी टोपी घातलेला आचारीही ओळीत.

“जेवण कसं असतं इथलं?” बाईंनी मऊ आवाजात विचारलं.

“उत्तम!” एकतीस गळ्यांतून एकच आवाज आला. खिडकीची काच थरथरली.

“काल रात्री काय होतं जेवायला?”

ओळीत चुळबुळ झाली. या प्रश्नाची तालीम झालेली नव्हती.

“उत्तम!” एकाने हिंमत केली.

बाई ओळीतून पुढे सरकल्या आणि नेमक्या तोफखाना आजोबांपुढे थांबल्या. आजोबांनी टाके झाकायला जुनी लष्करी टोपी कानांपर्यंत ओढली होती.

“आजोबा, गेल्या काही दिवसांत तुम्ही कुठे पडला-बिडला नाहीत ना?”

आजोबांना बाईंचे ओठ हललेले दिसले. मोठी व्यक्ती समोर उभी राहून काही बोलली की काय करायचं हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं. त्यांनी खाडकन सलाम ठोकला. हाताची कड थेट टाक्यांवर बसली.

“आई गं!” आजोबा कळवळले. टोपी खाली पडली. कापरासारखी पांढरी पट्टी सगळ्यांसमोर चमकली.

दालनात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. तोफखाना आजोबांना सोडून. बाईंनी पट्टीकडे पाहिलं. मग मॅनेजरकडे पाहिलं. पडणाऱ्यांची वही पिशवीतून अर्धी बाहेर दिसत होती. ती त्यांनी आल्याआल्याच मागून घेतली होती.

मॅनेजरच्या डोळ्यांपुढे चार गावांत जाणाऱ्या चार गाड्या उभ्या राहिल्या. आजोबा कुठल्या गाडीत असतील? नव्या जागी त्यांच्याशी बोलायच्या खुणा कोणाला कळतील? हाताची दोन बोटं वर म्हणजे पाणी हवं का आणि तीन म्हणजे खिडकी बंद करू का, हे कोण शिकून घेईल?

“बाई,” तो म्हणाला, “मला एक सांगायचंय...”

आणि धोक्याची घंटा वाजली.

आधी सगळ्यांना वाटलं की बाईंनीच वाजवली. बाईंना वाटलं मॅनेजरने वाजवली. मग मधल्या वाटेच्या टोकाकडून करडा धूर सरकत आला आणि ओळीतल्या आचाऱ्याने कपाळावर हात मारला.

“अरे देवा! बटाटे!”

सकाळी बटाटे उकडायला ठेवून तो हुकमाप्रमाणे ओळीत येऊन उभा राहिला होता. पातेल्यातलं पाणी हुकमाची वाट न बघता आटून गेलं होतं.

“इमर्जन्सीचं दार!” सिस्टर ओरडल्या.

मॅनेजर धावला. म्हणजे दोन पावलं धावला आणि उरलेली वाट मेणावरून बसून गेला. दाराशी पोचून त्याने कडी ओढली. कडी रंगाने चौकटीला चिकटली होती. खांदा मारला. मागून दोन सिस्टरांनी खांदा मारला. लालभडक दार लालभडक चौकटीत घट्ट बसून राहिलं.

“कोणी रंगवलं हे?” तो किंचाळला.

“आम्ही!” दोन म्हातारे अभिमानाने म्हणाले आणि मग त्यांचे चेहरे उतरले.

धूर दाट होत होता. तेवढ्यात मेजरसाहेबांची काठी फरशीवर आपटली.

“पुढचं दार! चालणारा एक, खुर्चीतला एक, जोडीजोडीने! बूट काढा, अनवाणी चला, घसरणार नाही! बाई, तुम्ही मधे!”

आणि ज्यांना रोज सकाळी पायमोजे घालायला अर्धा तास लागे त्यांनी एकमेकांच्या खुर्च्या धरून ती जागा अशी रिकामी केली की मॅनेजर बघतच राहिला. अंगणात जाऊन मोजणी झाली. तीस.

“तीस?” मॅनेजर म्हणाला. “पुन्हा मोजा.”

पुन्हा तीस. तोफखाना आजोबा नव्हते. घंटा त्यांना ऐकू आलीच नसणार. टोपी उचलून ते कुठल्यातरी खोलीत जाऊन बसले असतील.

मॅनेजर आत पळाला. नंतर सगळ्यांनी त्याच्या धैर्याचं कौतुक केलं, पण धैर्याचा त्यात काही संबंध नव्हता. बाहेर उभं राहणं त्याला आत जाण्यापेक्षा जास्त भीतीचं वाटलं, एवढंच. तोंडाला रुमाल धरून त्याने खोल्या धुंडाळल्या, न्हाणीघर पाहिलं, “आजोबा, आजोबा!” म्हणून हाका मारल्या. बहिऱ्या माणसाला हाका मारतोय हे लक्षात येऊनही तो थांबला नाही. हाक मारली नाही तर रडू फुटेल असं त्याला वाटत होतं.

आजोबा सापडले स्वयंपाकघरात. शेगडी बंद होती, खिडक्या उघड्या होत्या, आणि ते स्टुलावर बसून पातेल्यातले बटाटे निवडत होते.

“या!” ते नेहमीच्या तोफेच्या आवाजात म्हणाले. “करपल्याचा वास आला म्हणून बघायला आलो. नाक शाबूत आहे आपलं. वरचे तीन बरे आहेत.”

मॅनेजरने त्यांना मिठी मारायला एक पाऊल टाकलं. स्वयंपाकघराची फरशीही मेणातून सुटली नव्हती. यावेळी कंबर नाही, डोकं आपटलं.

बाहेर अंगणात सगळे दाराकडे डोळे लावून उभे होते. पाच मिनिटांनी दारातून चाकाची खुर्ची आली. खुर्ची ढकलत होते तोफखाना आजोबा, आणि खुर्चीत होता मॅनेजर, कपाळाला रुमाल बांधलेला, मांडीवर तीन बटाटे.

सिस्टरांनी त्याची जखम धुतली. टाक्यांची गरज नव्हती. बाई शेजारी कट्ट्यावर येऊन बसल्या.

“तुम्ही काहीतरी सांगणार होता.”

आता घाबरायला अंगात काही उरलंच नव्हतं. “ते न्हाणीघरात पडले होते,” मॅनेजर म्हणाला. “चार टाके. मी डोकेदुखी लिहिलं. परवाना जाईल, सगळ्यांना इकडे-तिकडे पाठवतील, म्हणून. चूक माझी एकट्याची. यांची नाही.”

“न्हाणीघराची फरशी का बदलली नाहीत?”

“मागितली होती. दोनदा. तिसऱ्यांदा मागायला वरच्या साहेबांची भीती वाटली.”

बाई बराच वेळ लिहीत राहिल्या. मग त्यांनी वाचून दाखवलं. फरशीवरचं मेण आजच काढायचं. दार मोकळं करायचं. न्हाणीघराला आठ दिवसांत खडबडीत फरशी आणि धरायला दांडे, आणि ते मागणारं पत्र त्या स्वतः वरच्या साहेबांना धाडणार होत्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा. खोटी नोंद केल्याबद्दल मॅनेजरला लेखी ताकीद. परवाना तीन महिन्यांच्या अटीवर चालू. तीन महिन्यांनी त्या पुन्हा येणार होत्या, न कळवता.

“न कळवता?” मॅनेजरचा आवाज बारीक झाला.

“न कळवताच,” बाई मऊपणे म्हणाल्या. “पण एक काम राहिलंय. काम पूर्ण होईपर्यंत ज्यांना इथे असुरक्षित वाटतं त्यांना दुसरीकडे हलवायची सोय आहे. मला प्रत्येकाला विचारावं लागेल. जे पडले होते त्यांना आधी.”

तोफखाना आजोबांना ऐकू जाणार नव्हतं, म्हणून त्यांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का? दुसरीकडे जायचं आहे का?’

आजोबांनी कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. एकतीस माणसांचं काय व्हायचं ते या एका उत्तराने ठरणार असं मॅनेजरला वाटू लागलं.

“मला काय धाड भरलीय?” आजोबा गरजले. शेजारच्या झाडावरची पाखरं उडाली. “मी मजेत आहे. पण बाई, मी गेलो तर याच्याकडे कोण बघणार?” त्यांनी खुर्चीतल्या मॅनेजरच्या खांद्यावर हात ठेवला. “चांगला आहे हो पोरगा. फक्त एकटा सोडायच्या लायकीचा नाही.”

अंगणात जमलेल्या उरलेल्या तीस जणांनी गंभीरपणे माना डोलावल्या. बाईंनी तोंडावर पदर धरला. मॅनेजरने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात आजोबांनी त्याच्या हातात सोललेला बटाटा दिला आणि फुंकून खा म्हणून बजावलं.