काळविटांच्या झोपेचा पुरावा

माणूस खातो कुठे यावरून तो कुठला हे ठरत नाही. झोपतो कुठे यावरून ठरतं. हुरडा खायला पुण्याची मंडळी सोलापुरात येतात, म्हणून त्यांना कोणी सोलापूरकर म्हणत नाही. (त्यांनाही ते नको असतं.) हाच न्याय जनावरांना लावावा असं एका समितीला सुचलं, आणि इतकी सरळ गोष्ट आजवर कोणाला कशी सुचली नाही, याचं समितीलाच नवल वाटलं.

झालं असं, की सोलापूरजवळच्या कुंभारीच्या पलीकडच्या एका माळरानावर गोदामं बांधायचं घाटत होतं. अडचण एकच, माळावर काळविटांचा कळप होता, म्हणून माळ कोणाचा ते ठरवायला ही समिती नेमली. कळप तिथे चरतो हे सगळ्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. पण चरणं म्हणजे राहणं नव्हे. काळविटं तिथे झोपतात असं सिद्ध झालं तर माळ त्यांचा. नाहीतर ती वाटसरू, आणि गोदामं पक्की.

झोप मोजायचं काम गुरुशांतकडे आलं. तो कुंभारीचाच, बार्शीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेला, समितीचा कंत्राटी सहायक. हा कळप बघतच तो मोठा झाला होता, त्यामुळे उत्तर त्याला आधीच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं हा पुरावा होत नाही, हे त्याला पहिल्याच बैठकीत समजावून सांगण्यात आलं.

मग समितीने झोपेची व्याख्या केली. डोळे मिटलेले, मान कललेली, पाय पोटाशी, आणि हाक मारल्यावर ओ न देणं. (शेवटची अट काळविटं जागेपणीही पाळतात, हे गुरुशांतने नम्रपणे निदर्शनास आणलं. त्याची नोंद घेण्यात आली. नोंद घेतली की विषय संपतो.)

मोजणी शास्त्रशुद्ध होती. कळप झोपलाय का हे बघायला जीप जवळ न्यायची. जीप आली की कळप उठायचा, आणि उठलेलं जनावर झोपलेलं नाही हे तर उघडच होतं. मग ड्रोन आणला. ड्रोनच्या घरघरीखाली झोपणारं जनावर अजून जन्मायचंय. एका मादीच्या गळ्यात हालचाल मोजणारा पट्टा बांधला, तर ती तो काढून टाकायला उड्या मारत सुटली आणि तिच्यापुढे 'अतिजागरूक' असा शेरा पडला. हिवाळा निम्मा सरला तरी झोप शून्य. गुरुशांतची झोपही उडाली होती, पण ती मोजायची तरतूद नव्हती.

शेवटी अध्यक्ष धनशेट्टीसाहेब सगळी समिती घेऊन पाहणीला आले. पाहणी आली की जेवण आलंच. माळाला लागून शिवम्माचं शेत. तिनं आगटीत कणसं भाजून गरम हुरडा चोळून दिला, वर शेंगाची चटणी, गूळ आणि कवडी दही. पाहणी फार बारकाईने झाली. त्यानंतर समिती लिंबाच्या सावलीत जरा टेकली. जीप बंद, ड्रोन पिशवीत. गुरुशांतने माळाकडे तोंड करून कॅमेरा लावून ठेवला होता. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच माळावर कोणी कोणाला मोजत नव्हतं.

आणि कळप आला. पुढचा काळा नर बांधापाशी थांबला, त्याने समितीला या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळलं, (त्याचं समाधान झालं असावं) आणि पाय दुमडून बसला. मागोमाग माद्या बसल्या. माना पाठीकडे वळल्या, डोळे मिटले. हे साहेबांनी डोळ्यांनी बघायलाच हवं म्हणून तो "साहेब, ओ साहेब" करत राहिला, दबक्या आवाजात, कळप उठू नये म्हणून. साहेब काही बोलले नाहीत.

"झोपली की वो," शिवम्मा कुजबुजली.

"व्हय अक्का, झोपली," म्हणून गुरुशांतने बाहीला डोळे पुसले. माळ वाचला होता.

पुढच्या बैठकीत त्याने ते चित्रण आनंदाने पडद्यावर लावलं. घरी त्याने ते कितीदा तरी पाहिलं होतं, पण दर वेळी नजर काळविटांवरच. काळविटं मागे होती. पुढे लिंबाखाली समिती होती. डोळे मिटलेले, माना कललेल्या, थंडीने पाय पोटाशी, आणि "साहेब, ओ साहेब" ही हाकही स्वच्छ ऐकू येत होती. ओ मात्र नव्हती.

साहेबांनी हात वर करून चित्रण थांबवायला लावलं.

"गुरुशांत," साहेब शांतपणे म्हणाले, "यात आम्ही काय करतोय?"

झोपलात म्हणावं तर पाहणी बाद, चित्रण बाद, आणि माळ गेला. गुरुशांत माळासाठी आयुष्यातलं पहिलं खोटं बोलला. "चिंतन, साहेब."

साहेबांचा चेहरा उजळला. त्या अवस्थेला चिंतन म्हणावं, असा ठराव एकमताने झाला. गुरुशांतने सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात समितीतल्या निद्रातज्ज्ञ दानेश्वरी मॅडमनी चष्मा पुसत विचारलं, की मागेही तीच अवस्था दिसते, मग नियम सर्वांना सारखा नको का? शास्त्रात भेदभाव चालत नाही. तेव्हा काळविटंही चिंतन करत होती. चिंतनाला कोणी कुठेही येतं, त्याने जागेवर हक्क लागत नाही. झोपेचा पुरावा शून्य तो शून्यच राहिला.

तरी लोकशाही आहे. हरकती मागवणारी नोटीस महिनाभर पेपरात येत होती. गुरुशांत समितीचा माणूस, त्याला हरकत घेता येईना. तो रोज सकाळी कुंभारीच्या चहाच्या टपरीवर ते पान उघडून लोकांपुढे सरकवायचा. लोक चहा प्यायचे, क्रिकेटचं पान काढायचे. हरकत एकही आली नाही. आता माळावर गोदामांचे खांब उभे राहिलेत, आणि कळप कुठे झोपतो ते शिवम्मालाही माहीत नाही.

पेपर तुमच्याकडेही येत होता. त्या महिन्यात तुम्ही काय करत होतात असं कोणी विचारलंच, तर बेधडक चिंतन म्हणा. हाक मारली होती, ओ आली नाही. तुम्ही नियमात बसता.