खालचा दिवा

सूचनापुस्तिका वाचायची मला गरज नाही, कारण त्या मीच लिहितो. मिक्सर, पंखे, कपडे धुण्याची यंत्रं यांच्या खोक्यात बारीक अक्षरातली जी घडी असते आणि जी तुम्ही न उघडताच खणात टाकता, ती माझी. बावीस वर्षं हेच करतोय. तेव्हा एक एवढीशी डबी जोडायला मी पुस्तिका उघडीन? छे!

डबीचं प्रकरण असं. घरात दोन कॉम्प्युटर, एक ऑफिसने दिलेला आणि एक घरचा. घरचा जेवणाच्या टेबलावर, बायकोच्या ताब्यात असायचा. चार महिन्यांपूर्वी ती लेकीकडे गेली, नात झाली म्हणून. निघताना दारात म्हणाली, "राहाल ना हो एकटे?"

"अगं, मजेत राहीन!"

तेव्हापासून रोज फोनवर हेच सांगतोय. मजेत आहे. पण त्या जेवणाच्या टेबलावर एकट्याने बसणं काही जमेना. शेवटी घरचा कॉम्प्युटर उचलून माझ्या कामाच्या टेबलाखाली आणला आणि ही डबी घेतली. दोन कॉम्प्युटर, पण पडदा एक, कीबोर्ड एक, माऊस एक. बटण दाबलं की ऑफिस, पुन्हा दाबलं की घर. पाच मिनिटांत जोडली. बटण दाबलं, चित्र बदललं. शाबास, म्हटलं मी मला. दुसरं होतं कोण म्हणायला?

डबीवर दोन दिवे होते. वरचा पडद्याचा, खालचा कीबोर्ड आणि माऊसचा. बटण एकदा दाबलं की फक्त पडदा बदलतो. लागोपाठ दोनदा दाबलं तरच कीबोर्ड आणि माऊसही त्याच्या मागोमाग जातात. हे मला आता माहीत आहे. पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर छापलंय.

बुधवारी दुपारी तीनची गोष्ट. ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी विचारलं, "धुण्याच्या यंत्राचा मजकूर आज मिळेल ना?" मी "होय साहेब" लिहिलं आणि बटण दाबलं. समोर घरचा पडदा आला. त्यावर कालपासून एक कोरं पान उघडं होतं. बायकोला खरं काय ते लिहायचं ठरवलं होतं. फोनवर बोलायला गेलो की तोंडातून 'मजेत'च बाहेर पडतं.

आता माझ्या दोन सवयी सांगतो. मी दोन बोटांनी टाइप करतो आणि नजर सगळा वेळ कीबोर्डवर ठेवतो. आणि प्रत्येक वाक्य संपलं की एन्टर मारतो. पुस्तिकेत एका ओळीत एकच सूचना द्यायची असते, बोटांना तेच वळण लागलंय.

दहा ओळी लिहून वर बघितलं, तर पान कोरं! कीबोर्ड उलटा करून थोपटला. बिस्किटाचा चुरा पडला. पुन्हा लिहिलं, जरा जोर लावून. पान कोरंच. मग मात्र पक्कं समजलो की कीबोर्ड मेला, आता काहीही लिहिलं तरी उमटणार नाही. आणि उमटणार नाही म्हटल्यावर तिसऱ्यांदा मनातलं लिहिलं.

'सकाळी दोन कप चहा होतो.
एक पितो.
दुसऱ्यावर साय धरली की ओततो.
कपडे आठ दिवस साठवतो, तरी यंत्र अर्धंच भरतं.
तुझी उशी हलवलेली नाही.
मला करमत नाही.
परत ये.'

लिहून झाल्यावर बरं वाटलं. उठून चहा टाकला, सवयीने दोन कप. तेवढ्यात बेल वाजली. दारात आमच्या ऑफिसातल्या चित्रकार बाई. माझ्या पुस्तिकांतल्या आकृत्या त्या काढतात, राहतात दोन गल्ल्या पलीकडे. धावत आल्या होत्या.

"काका, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीये? मजेत आहे."

त्या थेट टेबलाशी गेल्या, डबीकडे बघितलं आणि बटण दाबलं. ऑफिसचा ग्रुप उघडला. माझं पत्र तिथे होतं. तीनही वेळचं, एकेक वाक्य सुटं सुटं, तेवीस माणसांसमोर.

खाली साहेबांनी लिहिलं होतं, "भाषा सोपी आहे. पण तीन मसुदे कशाला? तिसरा ठेवा. 'परत ये' नको, ग्राहकाला अहो-जाहो करायचं असतं."

तपासणी विभागाने विचारलं होतं, "यंत्र अर्धंच भरतं, ही सूचना की तक्रार?"

आणि गोदामवाल्याने, "उशी कुठल्या आकृतीत आहे?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला! बाई हसल्या नाहीत. "मी काकूंना फोन केलाय," एवढंच म्हणाल्या आणि ओट्यावरचा दुसरा कप उचलून खुर्चीत बसल्या. चार महिन्यांत पहिल्यांदा तो कप कुणीतरी प्यालं.

त्यांचा चहा व्हायच्या आत फोन वाजला. मागे बाळ रडत होतं.

"अहो, तीन वेळा लिहिलंत म्हणे," बायको म्हणाली. "एकदा बोलला असतात तर?"

जिभेवर 'मजेत' आलं होतं. गिळलं. "करमत नाही गं," म्हणालो.

"मला तरी कुठे करमतंय?" ती म्हणाली. "पण लेकीची सुटी संपतेय, बाळाला कुणाकडे टाकू? दोन महिने तरी हलता येणार नाही. तोवर रोज लिहा. मी वाचीन."

दोन महिने. बाई गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. कप विसळला आणि लिहायला बसलो. बटण दाबलं, घरचं पान आलं. मान खाली घालून लिहीत सुटलो. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत जे कधी बोललो नाही ते सगळं लिहिलं. वर बघितलं.

पान कोरं.

फोन वाजला. साहेब होते, अगदी हळू आवाजात बोलत होते.

"अहो, पुन्हा आमच्याकडेच आलंय. दोन ओळींच्या पुढे वाचलं नाही, खरंच. आणि मघाशी मला कळलं नाही हो, माफ करा. हे काढून वहिनींना पाठवू का?"

"पाठवा साहेब," मी म्हणालो. "तेवढं अहो-जाहो करू नका."