सेल्मिराबाईंविषयी दुरुस्ती

वाल्देमार सिल्वेइराने सिनेमाबद्दलचं पहिलं जाहीर मत बेकरीच्या रांगेत दिलं, आणि नेमकी त्याच वेळी रेडिओवाली मिर्ता त्याच्या मागे उभी होती. पुढचं सगळं त्यातून झालं.

खरं म्हणजे तो सिनेमाचा शौकीन वगैरे नव्हता. दुरास्नो गावात सिनेमागृह एकच, त्यात आठवड्याला सिनेमा एकच, आणि रविवारच्या चारच्या खेळाला वाल्देमार आणि त्याची बायको ओफेलिया जात. जो लागला असेल तो बघत. मुलगी नोकरीसाठी राजधानीत, मोन्तेविदेओला गेल्यापासून रविवारची दुपार घरात फार लांबायला लागली होती, एवढंच कारण. त्याआधी चौतीस वर्षं त्याने सहकारी संस्थेच्या गोदामात लोकरीची प्रतवारी केली होती. लोकर दोन बोटांत धरायची, जराशी ताणायची आणि कुठल्या ढिगात टाकायची ते एका वाक्यात सांगायचं. निवृत्तीनंतर ढीग गेले, सवय राहिली. सिनेमा सुटला की तो फुटपाथवर थांबून एक वाक्य बोलायचा. ओफेलिया ते ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "चल, गार वारा सुटलाय."

त्या सोमवारी रांगेतल्या कुणीतरी त्याला विचारलं की काल लागलेला कौटुंबिक सिनेमा कसा होता.

"कुटुंब चांगलंय," वाल्देमार म्हणाला. "पण दोन तासांत कुणी कुणाचं बोलणं मधेच तोडलं नाही. मला वाटतं, ती माणसं एकमेकांना ओळखत नसावीत."

मिर्ता गावच्या रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करायची. दर मंगळवारी त्यात दहा मिनिटं सिनेमावर बोलायला लेदेस्मा मास्तर यायचे. पण मास्तरांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली होती आणि डॉक्टरांनी त्यांना एक महिना तोंड उघडायचं नाही असं बजावलं होतं. मास्तरांच्या बायकोने ही मुदत वाढवून मिळेल का अशी चौकशी केली, असंही गावात बोललं जात होतं. मिर्ताने वाल्देमारला तिथेच धरलं. आपल्याला सिनेमातलं काही कळत नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. त्यावर ती म्हणाली, मास्तरांना सगळं कळतं, म्हणून तर लोक त्या दहा मिनिटांत रेडिओ बंद करतात.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दहा वाजता तो माइकसमोर बसला. काखेतला थर्मास टेबलाखाली ठेवला आणि त्यातल्या 'माते'चा, त्या कडवट पानांच्या चहाचा, एक घुटका घेतला, तेव्हा त्याला जरा धीर आला. मिर्ताने विचारलं, सिनेमातली आजी कशी वाटली?

वाल्देमार विचारात पडला. आजी गोड होती. सारखी गोडच होती. नातवाने खिडकी फोडली तरी गोड, मुलीने घर सोडलं तरी गोड. तो म्हणाला की अशी आजी त्याने प्रत्यक्षात पाहिलेली नाही. त्याच्या सासूबाईंचंच घ्या. चाळीस वर्षांत त्यांनी त्याला एकही बरा शब्द ऐकवलेला नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला न्यूमोनिया झाला तेव्हा त्या एकोणीस दिवस रोज दोन गल्ल्या चालत सूप घेऊन आल्या, आणि मफलर न घालणाऱ्या गाढवाची हीच गत होते, हे एकोणीस दिवस रोज सांगत राहिल्या.

"आता यातली माया कुठली आणि जाहिरात कुठली," वाल्देमार म्हणाला, "हे मला तरी न चाखता सांगता येतं."

रेडिओवर फोनच फोन आले. मिर्ता खूश झाली. वाल्देमारही खुशीतच घरी गेला, कारण आपण सासूबाईंची जाहीर स्तुती केली आहे अशी त्याची समजूत होती.

सासूबाई, म्हणजे सेल्मिराबाई, शहाऐंशी वर्षांच्या. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, घरात एकट्या, आणि रेडिओ सकाळपासून चालू. त्यांनी ते ऐकलं. त्यांच्या गल्लीने ऐकलं. ज्यांनी ऐकलं नव्हतं, त्यांना ज्यांनी ऐकलं होतं त्यांनी सांगितलं. रविवारी साडेबाराला त्या नेहमीप्रमाणे लेकीकडे जेवायला आल्या, टेबलाशी बसल्या, रव्हिओलीचा, त्या सारण भरलेल्या पास्त्याचा, पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालीय हं, ओफेलिया."

ओफेलियाच्या हातातला चमचा रश्शात पडला. तिने आईला विचारलं, छातीत दुखतंय का. नाही म्हणाल्या. मग त्यांनी वाल्देमारकडे बघितलं आणि हा सदरा तुला शोभून दिसतो असं सांगितलं. त्या सदऱ्याला त्या सहा वर्षं गादीची खोळ म्हणत आल्या होत्या. सबंध जेवण असं चाललं. पाव ताजा होता, हवा सुरेख होती, जावई तरुण दिसत होता. आवाज इतका सपाट की त्या एखादा छापील कागद वाचून दाखवतायत असं वाटावं. जाताना त्यांनी दोघांचे आभार मानले. आभार. फाटकापर्यंत पोचवायला गेलेली ओफेलिया परत आली ती पांढरीफटक होऊन.

"माझी आई बिघडवलीस तू," ती भांडी घासताना म्हणाली. "मंगळवारी दुरुस्त कर."

त्या दिवशी चारच्या खेळाला जादूचा सिनेमा होता. एक ड्रॅगन होता. पहिल्या तासात त्याने तीन गावं जाळली, एक सैन्य उधळून लावलं आणि आपली गुहा सांभाळली. दुसऱ्या तासात एका राजकन्येने त्याला गाणं म्हणून दाखवलं, आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. शेजारी ओफेलियाही झोपली होती. वाल्देमारला मात्र झोप आली नाही. त्याला या ड्रॅगनमध्ये आपली सुटका दिसायला लागली होती.

मंगळवारी तो बोलला ते अगदी मनापासून. जादूचे सिनेमे आपल्याला चालतात, उडणारे गालिचेही चालतात, असं त्याने आधीच कबूल केलं. अडचण वेगळीच आहे, तो म्हणाला. ड्रॅगन पाहिला की या सिनेमावाल्यांना तो माणसाळवायची घाई होते. पण आग गेल्यावर उरतं काय? एक मोठी पाल. ती गुहा इतकी वर्षं सुरक्षित होती ती कुणाच्या जिवावर, हा विचार त्या राजकन्येने केलाच नाही.

"ज्यांच्या घरी असा ड्रॅगन आहे त्यांनी त्याला सुधारायला जाऊ नये," वाल्देमारने समारोप केला. "आमच्या घरी मागच्या रविवारी तो प्रकार झाला. आमची एवढीच विनंती आहे, की आम्हाला आमचा जुना परत मिळावा."

मिर्ताने तोंडावर हात दाबून घाईघाईने टायरची जाहिरात लावली.

गाव दिवसभर हसलं. औषधांच्या दुकानात एका सभ्य गृहस्थांनी सेल्मिराबाईंना विचारलं, की हिवाळ्यात चुलीला लाकडं लागत नसतील ना. संध्याकाळी त्यांचा लेकीला फोन आला. त्यांना बरं नाही असं नाही, पण रविवारी त्या येणार नव्हत्या.

तो रविवार वाईट गेला. तिसरी खुर्ची रिकामी होती, आणि रश्शात मीठ जास्त झालं होतं तरी ते सांगणारं कुणी नव्हतं. ओफेलियाने सिनेमाला यायला नकार दिला. ती भांडली नाही, फक्त एवढंच म्हणाली की आई या ऑक्टोबरात सत्त्याऐंशीची होईल, असे रविवार आता किती उरलेत कुणास ठाऊक. वाल्देमार एकटाच गेला आणि मारामारीच्या सिनेमासमोर दोन तास बसून राहिला. पडद्यावर गाड्या उलटत होत्या. चाळीस वर्षं ज्या बाईची भाषा आपल्याला कळते असं आपण समजत होतो, ती आपल्याला कळतच नव्हती की काय, एवढा एकच विचार त्याच्या डोक्यात होता.

सोमवारी तो थर्मास घेऊन सासूबाईंच्या दारात उभा राहिला. त्यांनी त्याला आत घेतलं. त्या स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या. त्याने समोर बसून न सांगता सोलायला सुरुवात केली आणि ड्रॅगनबद्दल माफी मागितली.

"ड्रॅगनचं काय घेऊन बसलायस?" सेल्मिराबाई म्हणाल्या. "ते मला आवडलं. एवढा मान मला माझ्या नवऱ्यानेही कधी दिला नव्हता."

"मग?"

"आधीच्या मंगळवारचं."

वाल्देमारने सांगितलं की तेव्हा तर तो चांगलंच बोलला होता. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. त्या खिडकीबाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघायला लागल्या.

"मला वाटत होतं तुला कळत नाही," त्या म्हणाल्या. "कुणालाच कळत नाही असं मला वाटत होतं. मला ते गोड बोलणं जमत नाही रे. माझी आई बोलायची गोड, आणि कामाच्या वेळी गायब असायची. मी ठरवलं, आपण करायचं, पण बोलायचं नाही. शिव्या घातल्या की माणूस मागे वळून बघत नाही, मग आपल्याला हवं ते करता येतं. आणि तू सगळं बघत बसलेलास. वर गावाला सांगून मोकळा झालास. आता मी तुला गाढव म्हटलं की अख्खी गल्ली हसून म्हणणार, बघा कशी माया आहे. माझ्या हातात राहिलं काय?"

वाल्देमारने पुढची शेंग उचलली. मटाराचे दाणे भांड्यात पडत राहिले. शेवटी त्याने विचारलं, आता काय करू?

"जिथे बोललास तिथेच परत घे."

"म्हणजे तुमची बदनामी करू?"

"व्यवस्थित कर," सेल्मिराबाई म्हणाल्या. "आणि मटार असे चिरडू नकोस. चौतीस वर्षं लोकर धरत होतास की कुऱ्हाड?"

दुसऱ्या दिवशी त्याने मारामारीच्या सिनेमाबद्दल मत दिलं. नायक पाचव्या मजल्यावरून पडला आणि उठून पळाला. त्याच्यामागे लागलेल्यांनी एका फळवाल्याची गाडी उधळली, टरबूजं फुटली, आणि पुढे दीड तासात त्या फळवाल्याचं नाव कुणी काढलं नाही. वाल्देमार म्हणाला की आपण राहिलेला सगळा सिनेमा त्या फळवाल्याचाच विचार करत बघितला. तरीही या सिनेमात एक गोष्ट खरी आहे, त्याने घसा साफ केला. यातला दुष्ट माणूस दिसतो तसाच आहे. त्याच्या आत काही दडलेलं नाही. मागे आपण या माइकवर एका बाईंबद्दल बोललो होतो, की त्या वरून कडक आणि आतून मऊ आहेत. ती प्रतवारी चुकली. आपण नीट तपासलं आहे. त्या आतूनही तशाच आहेत, सबंध. त्यांनी कधी कुणावर माया केल्याचा काहीही पुरावा नाही, आणि सूप खारट होतं.

यावेळी मिर्ताला जाहिरातही सुचली नाही.

दुपारपर्यंत गाव त्याच्यावर उलटलं होतं. शहाऐंशी वर्षांच्या विधवेबद्दल असं बोलतात? बेकरीवाल्याने, जो त्याला वीस वर्षं 'शेजारी' म्हणून हाक मारायचा, त्याला 'साहेब' म्हटलं आणि करपलेला पाव दिला. चौकातल्या बाकावर तो बसला की बाक रिकामं व्हायचं. रेडिओच्या मालकाने मिर्ताला बोलावून घेतलं, आणि पुढच्याच मंगळवारी लेदेस्मा मास्तर डॉक्टरांना न विचारता, घोगऱ्या आवाजात, माइकसमोर हजर झाले. सेल्मिराबाईंच्या घरी आठवडाभर बायकांची रीघ लागली. कुणी केक आणला, कुणी क्विन्स फळाचा मुरंबा. सेल्मिराबाईंनी प्रत्येकीला तिच्या केकमध्ये काय कमी आहे ते सांगितलं. बिचारी किती दुखावली आहे, असं म्हणत बायका परतल्या.

रविवारी साडेबाराला त्या आल्या. टेबलक्लॉथला इस्त्री नव्हती, रस्सा पातळ होता, आणि ही गादीची खोळ घालून माणूस जेवायला कसा बसू शकतो हे त्यांना समजत नव्हतं. ओफेलियाने कांदा चिरायच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसले.

गुरुवारी ती बेकरीतून आली ती दारातूनच सांगत. सकाळी तिथे एका बाईने सेल्मिराबाईंचं सांत्वन करताना वाल्देमारला हलकट म्हटलं होतं. सेल्मिराबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "त्याला मी चाळीस वर्षं नावं ठेवतेय ती तो माझा आहे म्हणून," त्या बाईला म्हणाल्या. "तुझा कोण लागतो तो?" मग काउंटरकडे वळून त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं, की या गावात ताजा पाव माणसं बघून विकतात काय.

वाल्देमार खुर्ची ओढून बसला.

"जा की," ओफेलिया म्हणाली. "जाऊन सांग तिला, की तुला कळलं."

"वेडी आहेस का?" वाल्देमार म्हणाला. "आपल्याला कळलंय हे त्यांना अजिबात कळता कामा नये."

त्या रविवारी सासूबाई येण्यापूर्वी तो न्हाणीघराच्या आरशासमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि जेवायला आला तो अतिशय दुखावलेला चेहरा घेऊन. सेल्मिराबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. गाव आपल्याशी बोलत नाही, असं तो खाली मान घालून म्हणाला. तेच योग्य आहे, त्या म्हणाल्या, गावाला अक्कल आहे. आणि समाधानाने पातेलं पुढे ओढून, ओफेलियाचं लक्ष नाही असं बघून, त्यांनी त्याच्या ताटात आणखी चार रव्हिओली वाढल्या.

वाल्देमारने ते पाहिलं नाही. निदान त्या दिशेला तो बघत नव्हता, हे तरी नक्की.