दुसऱ्या गटातले एकोणीस

गणिताच्या बाईंनी सहामाहीचे गुण संगणकात घातले ते निव्वळ हौसेपोटी. वरून सारख्या दिसणाऱ्या मुलांमध्ये एखादा लपलेला गट असेल तर तो गुणांवरून हुडकून काढायची पद्धत त्या नुकत्याच शिकल्या होत्या. संगणकाने खरोखरच गट काढून दिला. गट दुसरा: एकोणीस मुलं. बाकीच्या प्रश्नांत इतरांच्या बरोबरीची, पण सातव्या, नवव्या आणि बाराव्या प्रश्नाला साफ आडवी. बाईंचा आनंद गगनात मावेना. तो त्यांनी शिक्षकांच्या खोलीत बोलून दाखवला आणि तिथेच माशी शिंकली.

"एकोणीस कच्ची पोरं, आणि मला पत्ता नाही?" मुख्याध्यापक म्हणाले. "सोमवारपासून त्यांचा वेगळा वर्ग."

"सर, कच्ची नाहीत हो. वेगळी आहेत. का, ते शोधायचंय."

"मग शोधा. सोमवारच्या आत."

बाईंनी मुलांचे चष्मे पाहिले, बाक पाहिले, मागच्या वर्षीचे शिक्षक पाहिले. काही म्हणता काही जुळेना. त्यात घरी भाची तोंड पाडून बसलेली. तीही एकोणिसांतलीच.

"मावशी, तुझ्या संगणकाला माझ्यात काय दिसलं गं?"

बाईंना गलबलून आलं. आपल्या हौसेपायी पोरीच्या कपाळी शिक्का बसणार होता.

शनिवारी त्यांनी कपाटातून ते एकोणीस पेपरच बाहेर काढले. चाळता चाळता त्या गालात हसल्या आणि त्याच परीक्षेची एक कोरी प्रश्नपत्रिका घेऊन मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"सर, पद्धत पारखायला एका पक्क्या माणसाचे गुण हवेत."

"आणा इकडे. तीस वर्षं गणित शिकवलंय, उत्तरसूचीला कधी हात लावला नाही."

अर्ध्या तासात पेपर सोडवून झाला. बाईंनी तो उत्तरसूचीवरून तपासला आणि गुण त्यांच्यासमोरच संगणकात घातले. पडद्यावर उमटलं: गट दुसरा, खात्री नव्व्याण्णव टक्के.

"हे काय?"

"सात, नऊ आणि बारा चुकलेत, सर."

"शक्यच नाही. मी तपासलेल्या गठ्ठ्यातल्या सगळ्या पोरांना हीच उत्तरं धरून..." मुख्याध्यापक थांबले.

बाईंनी तो गठ्ठा हळूच पुढे सरकवला. त्या तिन्ही प्रश्नांच्या बरोबर उत्तरांवर ठसठशीत हिरव्या फुल्या होत्या. बाईंना मदत म्हणून सरांनी एकच गठ्ठा तपासला होता, आणि शाळेत हिरवी शाई दुसरं कुणीच वापरत नव्हतं.

सोमवारी वेगळा वर्ग भरला. बाकावर मुख्याध्यापक एकटेच होते. फळ्यापाशी एकोणीस जण, आणि खडू भाचीच्या हातात.

"इथे चिन्ह बदलतं, सर. कळलं?"

"पुन्हा एकदा सांग," मुख्याध्यापक म्हणाले आणि त्यांनी हिरवं पेन खिशात ठेवून पेन्सिल काढली.