टेंभेकरकाकांचा चाप

टेंभेकरकाका आमच्या घरी पहिल्यांदा आले ते बसलेच नाहीत. दाराशी उभं राहून त्यांनी दिव्याचं बटण अकरा वेळा दाबलं. चालू, बंद, चालू, बंद. मी चहाचा ट्रे घेऊन उभी, माझा नवरा सचिन सोफ्यावर अवाक होऊन बसलेला, आणि बर्मिंगहॅममधल्या आमच्या त्या भाड्याच्या घरात भर दुपारी दिव्यांची उघडझाप चाललेली.

शेवटी मान हलवून ते म्हणाले, "चिखल आहे."

"काय आहे?" सचिनने विचारलं.

"बटण. दाबताना नक्की कुठे लागतं ते बोटाला कळतच नाही. शनिवारी येतो, मेन बंद करून ठेवा."

आमच्या घराची आणि त्यांच्या घराची एक भिंत सामाईक होती, त्यामुळे काका पुढे आमच्या आयुष्यात आले ते काही टळण्यासारखं नव्हतं. काकांच्या मते जगात दोनच प्रकार होते, काच आणि चिखल. जे दाबल्यावर एका क्षणी स्वच्छ तुटतं, ती काच. जे दबतं, सरकतं, अडतं, पुन्हा सरकतं, तो चिखल. आमचा टोस्टर चिखल, त्यांची किटली काच. आमच्या रस्त्यावरच्या सिग्नलचं पादचाऱ्यांसाठीचं बटण "चिखलाचा बाप", त्याबद्दल त्यांनी कौन्सिलला दोन पत्रं लिहिली होती. सचिनला "वीकेंडला लेस्टरला येणार का?" असं त्यांनी विचारलं आणि तो "बघू, म्हणजे, तसं काही नाही, पण..." म्हणाला, तेव्हा काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं. पण अंमळ चिखल आहे."

या सगळ्याचं मूळ त्यांच्या पिस्तुलात होतं. घाबरू नका, इथे काडतुसाची पिस्तुलं केव्हाच बंद झालीत. काकांचं होतं ते हवेवर चालणारं, दहा मीटरवरच्या पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर शिशाचे बारके छर्रे मारायचं, स्पर्धेचं पिस्तूल. पण नेमबाजीत काकांना फारसा रस होता असं मला कधी वाटलं नाही. त्यांचा जीव होता त्या पिस्तुलाच्या चापात. ट्रिगर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "ट्रिगर दुकानात मिळतो," ते म्हणायचे, "चाप घडवावा लागतो."

आणि तो ते स्वतः घडवायचे. जेवणाच्या टेबलावर सुमतीकाकूंची जुनी इस्त्रीची चादर पसरायची, त्यावर घड्याळजीचे असतात तसे स्क्रूड्रायव्हर, डोळ्याला भिंग, आणि बोटाच्या पेराएवढा एक पांढरा दगड. त्या दगडावर चापाचा आतला तुकडा घासायचा. किती? तर तीन वेळा. मग सगळं जोडायचं, डोळे मिटायचे, दाबायचं, तोंड वाकडं करायचं, आणि सगळं पुन्हा उघडायचं.

"केसभर जास्त आहे," ते म्हणायचे.

"कुणाच्या केसभर?" काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या. "स्वतःच्या म्हणत असाल तर उरलेत किती!"

काकू हॉस्पिटलात सिस्टर होत्या. त्यांनी तीस वर्षं पेशंट आणि नवरा दोन्ही एकाच आवाजात सांभाळले होते. काका एका कारखान्यात तपासनीस होते. गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि ते बसतील की नाहीत ते सांगायचं, एवढंच काम. मी त्यांना ओळखायला लागले त्याच्या दोन वर्षं आधी तो कारखाना बंद पडला होता. त्याबद्दल ते एकदाच बोलले. "शेवटच्या दिवशी माझा मोजमापाचा गेज मीच पुसून डब्यात ठेवला," म्हणाले, "डबा कुणाला द्यायचा ते सांगायला तिथे कुणी नव्हतं."

दर गुरुवारी संध्याकाळी चर्चमागच्या हॉलमध्ये त्यांचा क्लब भरायचा. गुरुवारचं पथ्य कडक. दुपारनंतर चहा बंद. पिशवी उचलायची नाही. कणीक मळायची तर नाहीच नाही, जणू इतर दिवशी मळायचे. आणि गाडी चालवायची नाही, कारण स्टिअरिंग धरलं की तळहातात कंप शिरतो म्हणे आणि तो दोन तास उतरत नाही. मला नुकतंच इथलं लायसन्स मिळालं होतं, डिपेंडंट व्हिसावर नोकरी शोधत घरी बसले होते. काकांनी मला हेरलं. "तुझी प्रॅक्टिस होईल," म्हणाले. अशी मी दर गुरुवारची त्यांची सारथी झाले. त्यांच्या मते माझा ब्रेक काच होता. बर्मिंगहॅममधली मला मिळालेली पहिली शाबासकी ती.

हॉलमध्ये लाकडी फळ्यांचे सहा कप्पे, समोर सहा दिवे. काका तिसऱ्या कप्प्यात. चौथ्यात डेरेक.

डेरेक म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. सत्तरी ओलांडलेला, ढगळ स्वेटर, खिशात पेपरमिंट. अकरा वर्षं हे दोघं शेजारी शेजारी उभे राहत होते आणि अकरा वर्षांत त्यांच्यात जेमतेम एकच संवाद झाला होता, तो मात्र दर गुरुवारी. डेरेक विचारायचा, "स्टिल फिडलिंग, विन?" म्हणजे अजून चाळे चालूच का? आणि आमचे विनायकराव टेंभेकर उत्तर द्यायचे, "इम्प्रूव्हिंग, डेरेक."

खरं दुखणं वेगळंच होतं. डेरेकने आपल्या पिस्तुलाच्या एकाही स्क्रूला कधी हात लावला नव्हता. खोक्यातून निघालं तसं वापरायचा. आणि दर डिसेंबरला क्लबचा तो चेपलेला कप न्यायचा तोही तोच, दोन-तीन गुणांनी. "चिखल!" काका गाडीत पुटपुटायचे. "निव्वळ चिखल दाबतो तो माणूस, आणि दहात मारतो. हा अन्याय आहे गं."

मी पाहिलेल्या डिसेंबरात काकांनी ठरवलं होतं की यंदा चाप असा करायचा की बोटाने विचार केला तरी सुटावा. पण याला एक नियम आड येतो. चाप अर्धा किलोपेक्षा हलका चालत नाही. स्पर्धेआधी क्लबची सेक्रेटरी मॉरीन चापाला अर्ध्या किलोचं वजन अडकवून पिस्तूल हळूच वर उचलते. सुटलं नाही तर पास.

काकांनी आठवडाभर तयारी केली होती. स्पर्धेच्या सकाळी चाप उत्तम होता, हे त्यांनीच मला सांगितलं. तरी दुपारी त्यांनी तो पुन्हा उघडला. दगडावर आणखी तीन वेळा.

मॉरीनने विणकाम बाजूला ठेवलं, वजन अडकवलं, उचललं. फट्.

"पुन्हा," काका म्हणाले.

फट्.

तिसऱ्यांदा वजन जमिनीवरून नीट उठलंसुद्धा नाही. हॉलमधले सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. मॉरीनने कागदावर काकांच्या नावावर रेघ मारली आणि "सॉरी, लव्ह," म्हणाली. डेरेक चौथ्या कप्प्यातून म्हणाला, "आला तसा ठेवायचा असतो, विन." त्यात खवचटपणा नव्हता, पण काकांचे कान लाल झाले.

गाडीत त्यांनी पिस्तुलाची पेटी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "तीस वर्षं लोकांचे भाग रिजेक्ट केले. ते घरी जाऊन काय करत असतील असा विचार कधी केला नाही."

जानेवारीत क्लब पुन्हा सुरू झाला. काकांनी नवा तुकडा बसवून वजन नियमात आणलं होतं आणि "इम्प्रूव्हिंग"ऐवजी म्हणायला एक नवं वाक्यही तयार ठेवलं होतं. पण चौथा कप्पा रिकामा होता. पुढच्या गुरुवारीही. त्याच्या पुढच्याही.

"बरं झालं," काका म्हणाले, "त्या पेपरमिंटच्या वासाने लक्ष उडायचं." आणि त्यांनी लागोपाठ तीन छर्रे काळ्या वर्तुळाबाहेर, पांढऱ्यात घातले.

चौथ्या आठवड्यात ते आमच्याकडे आले, बटण वगैरे न दाबता थेट खुर्चीत बसले. "मॉरीन म्हणते त्याला स्ट्रोक आला. छोटा. पत्ता दिलाय तिने." कागद माझ्यापुढे सरकवला. "रविवारी तुझी प्रॅक्टिस आहे का काही?"

डेरेकचं घर बसच्या शेवटच्या स्टॉपजवळ होतं. दार उघडायला त्याला वेळ लागला. उजवा हात स्वेटरच्या खिशात खोचलेला. बायकोचा फोटो, एक खुर्ची, त्या खुर्चीसमोर टीव्ही. दुसरी खुर्ची होती, पण तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग होता, म्हणजे तिथे कुणी बसत नसावं.

"वाईट वाटलं", "काळजी घे" यांतलं काहीही काका बोलले नाहीत. वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली, बसले आणि इंग्रजीत म्हणाले, "हात बघू."

डेरेकने हात बाहेर काढला. काकांनी आपली तर्जनी त्याच्या तर्जनीपुढे धरली. "ओढ."

बोट हललं. फक्त हललं.

"झालं ते झालं, विन," डेरेक म्हणाला. "पिस्तूल विकतोय मी."

"डावा दाखव."

"डाव्याने मला कप नीट धरता येत नाही."

"डावा दाखव, डेरेक."

डेरेकने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? मी खांदे उडवले. त्याने डावा हात पुढे केला. काका त्याचं एकेक बोट वाकवून बघत होते, खिशातल्या वहीत पेन्सिलीने त्या पंजाची बाह्यरेषा काढत होते. मग उठून म्हणाले, "पिस्तूल कुठे आहे?"

"त्याला हात लावायचा नाही."

"आला तसा ठेवायचा असतो, माहीत आहे," काका म्हणाले. "पण तू कुठे आलास तसा राहिलायस?"

 डेरेक त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग हसायला लागला, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. पिस्तुलाची पेटी पलंगाखाली होती.

पुढचे सहा आठवडे टेंभेकरांच्या घरात जेवण मांडीवर घेऊन झालं, कारण टेबल उपलब्ध नव्हतं. अक्रोडाच्या ठोकळ्यातून डाव्या हाताची मूठ कोरली जात होती, आणि भुसा थेट काकूंच्या आमटीपर्यंत पोहोचत होता. चापाचं काम शेवटी आलं. त्यासाठी डाव्या बोटाला काय वाटतं ते कळायला हवं म्हणून काका सगळंच डाव्या हाताने करायला लागले. दाढी, सही, आणि एके दिवशी जेवण.

"डाव्या हाताने भात!" काकू माझ्याकडे येऊन म्हणाल्या. "माझ्या सासूबाई असत्या तर वाढलं नसतं." मग म्हणाल्या, "पण मानसी, कारखाना बंद झाल्यापासून सकाळी सहाला स्वतःहून उठलेत ते आत्ताच."

एका दुपारी काकांनी मला ते पिस्तूल, अर्थात रिकामं, हातात दिलं. "दाब."

दाबलं. चाप सरकत गेला, आणखी सरकला, मऊ मऊ, आणि कधीतरी सुटला. कुठे ते कळलंच नाही.

"काका, हा तर चिखल आहे!"

"हो," ते भिंगाची काच पुसत म्हणाले. "काच केली होती आधी. तीन वेळा केली. पण डाव्या हाताला सवय नाही गं. चाप अडला, भिंत लागली, की घाबरतो, झटका देतो. त्याला आपलं चालत राहू द्यायला हवं. पोचेल तेव्हा पोचेल." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अंमळ अवघड असतं हे. चिखल मुद्दाम करणं."

मार्चमधल्या एका गुरुवारी डेरेक चौथ्या कप्प्यात उभा राहिला. मॉरीनने वजन अडकवलं, उचललं, पास. पहिला छर्रा पुठ्ठ्याला लागलाच नाही. दुसरा कोपऱ्यात.  डेरेकची मान लाल झाली होती, आता पेटी बंद करून निघेल असं मला वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या कप्प्यातून आवाज आला आणि काकांचा छर्रा लक्ष्याच्या वरच्या फळीत घुसला. मी वाकून पाहिलं. काकांनी पिस्तूल डाव्या हातात धरलं होतं. उजव्या हाताच्या आकाराची मूठ डाव्या पंजात कशीबशी कोंबलेली, कोपर भलतीकडे, जीभ बाहेर.

डेरेकने फळीतल्या भोकाकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. पेपरमिंट तोंडात टाकलं आणि पुन्हा हात उचलला.

त्या संध्याकाळी दोघांनी मिळून जेवढे गुण मिळवले तेवढे पूर्वी एकट्या डेरेकचे असायचे. परत येताना मी विचारलं, "काका, उजव्या हाताला काय झालं?"

"अंमळ दुखतोय," ते म्हणाले. त्याच हातात त्यांनी दोघांच्या पेट्या धरल्या होत्या. दोघांच्या, कारण डेरेक आमच्याबरोबर होता. डॉक्टरांनी अजून त्याला गाडी चालवायला परवानगी दिली नव्हती, आणि तिथून त्याच्या घराकडे जायला दोन बस बदलाव्या लागायच्या.

दोघं मागे बसले, मी टॅक्सीवाल्यासारखी एकटी पुढे.  मी आरशात बघितलं तेव्हा डेरेक डाव्या हाताने सीटबेल्ट छातीवरून ओढून बसला होता. बेल्टची खाच त्याच्या उजव्या बाजूला होती, आणि तिथपर्यंत टोक नेऊन दाबणं त्याला जमत नव्हतं. मी मागे वळणार होते, पण थांबले.

काकांनी समोर बघत बघतच हात लांबवला, त्याच्या हातातून टोक घेतलं आणि खाचेत दाबलं. डेरेकने तोंड खिडकीकडे वळवलं. काकांनी हात परत घ्यायला जरा वेळ लावला.

"चल गं," मग ते म्हणाले. "सावकाश घे. घाई नाहीये कुणाला."