पेटी पुरती रिकामी करणे

परदेशातून येणारे लाकूड भट्टीत तापवलेले असले पाहिजे, हा जैवसुरक्षा खात्याचा नियम शहाणपणाचाच होता. लाकडात भुंगा असतो, भुंग्याची अंडी असतात आणि अंड्यांना पासपोर्ट नसतो. म्हणून पोटकलमात स्वच्छ लिहिले होते: ‘न तापवलेली लाकडी पेटी आल्यास आतील माल मालकाच्या ताब्यात द्यावा व पेटी जाळावी.’ फळांच्या पेट्या जळत, यंत्रांच्या पेट्या जळत. कुणाची तक्रार नव्हती.

मग गाण्याच्या बाईंची पेटी आली.

बाईंच्या वडिलांनी आयुष्यभर देवाच्या गाण्याला पेटीची साथ केली होती. म्हातारपणी परदेशातल्या मुलाकडे गेले ते पेटी घेऊनच, आणि तिच्यावर हात ठेवूनच त्यांनी डोळे मिटले. भावाने ती आता बहिणीकडे पाठवली होती. भाऊ सरळ माणूस. सोबतच्या कागदावर त्याने लिहिले, ‘जुनी लाकडी पेटी, नग एक.’ ‘आत काय’ हा रकाना मोकळाच सोडला. पेटीत आणखी काय असणार?

बाई खात्यात पोचल्या तेव्हा साहेब खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत होते. त्यांच्या वहिनीने परदेशाहून येताना मोज्यात दडवून आणलेली फांदी तिथे छान रुजली होती, फुलांनी लवली होती.

“पेटीत काय आहे?” साहेबांनी विचारले.

“काही नाही. पेटीच आहे ती.”

“पेटीत पेटी?”

“नाही हो, वाजवायची पेटी. आत सूर असतात.”

साहेबांनी पेन सरसावले. “किती?”

“तीन सप्तकं.”

“वनस्पतिजन्य की प्राणिजन्य?”

“अगंबाई, ते कसं सांगू? भात्यातून निघतात.”

“भातातून? धान्याला तर पूर्ण बंदी आहे!”

“भातातून नाही हो, भात्यातून! हवेचा भाता. चामडं लावलेला.”

“म्हणजे प्राणिजन्य. जिवंत?”

“बाबा वाजवायचे तेव्हा होते,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी लिहिले, ‘सध्या सुप्तावस्थेत.’ मग सहानुभूतीने म्हणाले, “काळजी करू नका. सूर तुम्ही न्या. आम्ही फक्त पेटी जाळू.”

बाईंनी त्यांचे पेनच धरले. “अहो, घरी आई वाट बघतेय. तिला बाकी काही नको, या पेटीचा आवाज तेवढा पुन्हा ऐकायचाय.”

“मग ऐकवा की! आवाजाला कोण अडवतंय? आणि पेटी पुरती रिकामी झाल्याशिवाय आम्ही काडी लावत नाही. भरलेली पेटी जाळली तर मालकाचं नुकसान. खातं काही निर्दय नाही.”

बाईंनी डोळे पुसले. “पुरती रिकामी झाल्यावरच ना?”

“शेवटचा नग निघाल्यावर.”

“मग काढते एकेक.”

दुसऱ्या दिवशी बाई आईला घेऊन आल्या. गोदामात चटई पडली. हातमोजे आणि मुखपट्ट्या चढवून कर्मचारी पेटीभोवती उभे राहिले. बाईंनी भाता उघडला आणि वडिलांची आवडती चाल धरली. म्हातारी डोळे मिटून टाळी धरू लागली. जरा वेळाने साहेबांनी पट्ट्यांच्या फटीतून बॅटरी मारून पाहिले.

“संपलं?”

“छे!” म्हातारी म्हणाली. “आत्ता कुठे स्थायी झाली, साहेब. अंतरा आतच आहे.”

“कुठल्या कप्प्यात?”

“तो काय सांगून येतो? बसा, येईल.”

साहेब बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग हिशेबवाले आले, झाडूवाली आली, आणि हातातले नमुने टाकून प्रयोगशाळाही आली. रोज कार्यालय सुटताना अहवाल जाई: ‘काढणी सुरू. साठा कायम.’

घोळ झाला तो बैठकीत. वरिष्ठ साहेब कीटकांवर बोलत असताना आमचे साहेब नकळत गुणगुणले.

“हे काय आहे?” वरिष्ठ कडाडले. “कुठून आलं?”

“पेटीतून, सर.”

“म्हणजे परदेशी माल गोदामाबाहेर पडला! आणि तुमच्या घशात शिरला!”

तातडीने तपासणी लागली. सगळे खाते रांगेत उभे करून एकेकाला गायला लावले. जो सुरात गाईल तो बाधित, जो बेसूर तो निरोगी. झाडूवाली पहिल्याच ओळीला अडकवली गेली. वरिष्ठांनी नमुना म्हणून स्वतः गाऊन दाखवले, तेव्हा गोदामातली कबुतरे उडाली. त्यांना ‘जैविकदृष्ट्या संपूर्ण सुरक्षित’ असे प्रमाणपत्र मिळाले आणि ते त्यांनी भिंतीवर लावले.

पण तोवर बाधितांच्या घरची माणसे तीच चाल म्हणू लागली होती. रिक्षावाले शिटीवर वाजवत होते. अखेर खात्याने आपलाच दुसरा नियम उघडला: जो जीव देशभर रुजला आहे, त्याच्या आयातीस बंदी करण्यात अर्थ नाही. राहता राहिले लाकूड. भिंगाखाली पेटी इंच न् इंच पाहिली. भुंग्याचे एक छिद्र सापडले नाही.

“सोडा,” वरिष्ठ नाइलाजाने म्हणाले. “मारा शिक्का.”

साहेबांनी शिक्का उचलला आणि त्याच्या लाकडी मुठीचा हातातल्या हातात भुगा झाला. टेबलाला कोपर टेकले, तर टेबलही भुसभुशीत. भुशाची रेघ टेबलावरून खिडकीच्या चौकटीवर चढत होती आणि थेट कुंडीत जात होती. फांदीच्या सालीतून एका भुंग्याने डोके बाहेर काढले आणि खात्याकडे पाहिले.

“हे झाड कुठून आणलं?” वरिष्ठांनी विचारले.

“आयात नाही हो ते, सर!” साहेब कळवळून म्हणाले. “वहिनीनं प्रेमानं दिलंय.”

“आणि ही पेटी?” म्हातारी उठून उभी राहिली. “ही काय माझ्या लेकानं रागानं पाठवली? चल गं, उचल.”

बाईंनी पेटी उचलली. शिक्का नव्हता, पण अडवायलाही कुणी गेले नाही. सगळ्यांच्या नजरा कुंडीवर होत्या. ती कुंडी पुढे जाळली का? नाही. पोटकलमात ‘लाकडी पेटी’ लिहिले होते. कुंडी मातीची होती.

आता तुम्ही खुशाल हसा. फक्त हसून झाल्यावर आपल्या गॅलरीत जा आणि ते रोप एकदा बघा. तेच, विमानतळावर ‘काही जाहीर करायचं आहे का’ असे विचारल्यावर तुम्ही मान हलवली होती आणि पिशवी घट्ट धरली होती, ते. हो, तुमची गोष्ट निराळी आहे, ठाऊक आहे. तुम्हाला ते कुणीतरी प्रेमानं दिलंय.